खिळ्याचं भोक

सायरेन्सेस्टरच्या म्युझियममध्ये, मागच्या खोलीत,
जिथं हीटर नुसताच आवाज करतो,
शिशाचा एक पत्रा आहे. तळहाताएवढा.
गुंडाळून झऱ्यात टाकलेला,
अठराशे वर्षांनी चिखलातून निघाला.

त्यावर कुणीतरी देवीला लिहिलंय:
माझं तांब्याचं पातेलं गेलं, झाकणासकट.
ज्या कुणी नेलं, पुरुष असो की बाई,
गुलाम असो की मोकळं माणूस,
त्या जिवाला झोप लागू देऊ नकोस
पातेलं तुझ्या पायाशी येईपर्यंत.

सही नाही.

ह्यू पेटिफर म्हणतात, पुरुष.
अक्षर किती दाबून काढलंय बघा,
सैनिक असेल, नाहीतर खाणावळवाला.
इमोजेन म्हणते, झाकणासकट!
झाकण वेगळं मोजणारा पुरुष
मला एक दाखवा.
चहा निवतो. दर गुरुवारी निवतो.

लॅटिनमध्ये एका शब्दानं उलगडा झाला असता,
फसवला गेलेला की फसवली गेलेली,
शेवटच्या दोन अक्षरांत.
नेमका तिथंच खिळा गेलाय.
लिहिणाऱ्या हातानंच ठोकलेला, आरपार,
शाप पक्का बसावा म्हणून.
भिंगातून बघितलं तर
भोकातून टेबलाचं लाकूड दिसतं.

माझ्याकडं काम एवढंच, पाटी मराठीत करायची.
यंदा अकरा भाषांत पाट्या, कौन्सिलनं पैसे दिलेत.
पहिल्याच वाक्याला मराठी दारात आडवी आली:
फसलो की फसले?
आधी ते सांगा, मग आत या.

‘तळपट होवो’ लिहिलं,
तर पदर खोचून कुणीतरी उभी राहिली.
‘बघून घेईन’ लिहिलं, तर ओळीला मिशी फुटली.
दोन्ही खोडलं.
पत्र्यात पदर नव्हता, मिशी नव्हती,
ते सामान माझ्या कानातलं.

आणि कानाचा तरी काय भरवसा?
मंगळवेढ्याला आमच्या गल्लीत कल्हई करायला
दस्तगीर कलईगर यायचे.
भाता ओढता ओढता नवसागराच्या धुराला म्हणायचे,
‘मेल्या, मुडद्या, तुझा मुडदा बशिवला.’
साऱ्या आळीतल्या बायकांच्या शिव्या
भांड्यांबरोबर त्यांच्याकडं आलेल्या,
परत कुणी मागितल्या नाहीत.

त्यांनी उजळलेला एक तांब्या इथं माझ्या खिडकीत आहे,
त्यात पेनं, बसचे जुने पास.
काठावर ठिपक्यांनी ठोकलंय: ग. वि. आ.
गोविंद की गंगू?
मधला ‘वि’ बाप की नवरा?
विचारायला कुणी उरलं नाही.

शेवटी मराठीनंच मागचं दार दाखवलं.
मी वाटी घासली. मी डबा उघडला.
अशा वेळी क्रियापद माणसाकडं बघतच नाही,
भांड्याकडं बघतं.
वाटी बाई, डबा बुवा,
आणि ‘मी’ मधल्यामध्ये
उंबऱ्यावर ठेवलेल्या चपलेसारखं.
मग पाटी तशीच केली:
मला फसवलं. माझं पातेलं नेलं.

एक गोष्ट मात्र उशिरा ध्यानात आली.
चोर कोण, ते लिहिताना ठाऊक नव्हतं,
म्हणून चोराला दोन्ही दारं उघडी ठेवली,
पुरुष असो की बाई.
चोराला मिळालेली ती सवलत
आमच्याकडून लिहिणाऱ्या हाताला मिळत नाही.

मे महिन्यात अभिप्रायाच्या वहीत
स्विंडनच्या कुणी ढवळीकरांनी लिहिलं,
मराठी पाटी लिहिणाऱ्या ताईंना नमस्कार.
जूनमध्ये दुसऱ्या शाईत:
भाऊ, झकास जमलंय, मूळचे सोलापूरकडचे का?

दोन्हींच्या खाली मी एकच ओळ लिहिली:
पातेलं अजून सापडलेलं नाही.